'तीन कमांडमध्ये डेटा परत' : एलव्हीएम रेस्क्यूच्या रेसिपीशी माझं भांडण

लिनक्सचं मशीन बूट व्हायचं थांबलं की काय करायचं, याचं उत्तर साधारण सगळीकडे एकच मिळतं. डिस्क काढा, दुसऱ्या चालू लिनक्स मशीनला जोडा, व्हीजीस्कॅन चालवा, व्हीजीचेंजने व्हॉल्यूम जागे करा, माउंट करा. तीन कमांड, डेटा समोर. हे उत्तर चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, अनेकदा ते चालतं. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. ही रेसिपी 'बघणं' आणि 'बदलणं' यात फरकच करत नाही. आणि ज्याच्या डिस्कवर चार वर्षांचं काम अडकलंय, त्याच्यासाठी सगळा खेळ त्या फरकाचाच असतो.

तुमच्यातले बरेच जण आत्ता नेट, गेट किंवा पेटच्या अभ्यासात असतील आणि म्हणतील, हे आम्हाला कशाला? कारण सोपं आहे. लॅबमध्ये पाऊल ठेवल्यावर पहिल्या काही महिन्यांत कोणीतरी ठरवून टाकतं की 'हिला लिनक्स येतं'. त्या दिवसापासून लॅबचा प्रत्येक बंद पडलेला डबा तुमचा. विषय रसायनशास्त्र असो की पर्यावरण, सिस्टम अ‍ॅडमिन नावाचा माणूस बहुतेक विभागांत नसतोच. तेव्हा ही रेसिपी तुमच्याही हातात येणार आहे. ती प्रोटोकॉल म्हणून वाचायला हवी, आणि प्रोटोकॉल म्हणून ती कच्ची आहे.

(कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखीच टाइप करायची, हे सांगायला नको.)

आधी एलव्हीएम म्हणजे काय ते थोडक्यात, कारण रेसिपी इथेच पहिली उडी मारते. साध्या डिस्कवर पार्टिशन असतं आणि पार्टिशनवर फाइलसिस्टम. एलव्हीएममध्ये मधे एक थर येतो. डिस्क किंवा पार्टिशन म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम, पीव्ही. असे एक किंवा अनेक पीव्ही मिळून एक व्हॉल्यूम ग्रुप, व्हीजी. त्या साठ्यातून कापून काढलेले तुकडे म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम, एलव्ही, आणि फाइलसिस्टम या एलव्हीवर असते. लिनक्ससाठी हे मुळात हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिहिलं, एचपी-यूएक्समधल्या व्यवस्थेच्या धर्तीवर. आज आपण वापरतो ती दुसरी पिढी, डिव्हाइस-मॅपरवर उभी असलेली. जागा ४ एमबीच्या तुकड्यांत मोजली जाते आणि कुठला तुकडा कुठल्या पीव्हीवर आहे याचा नकाशा पीव्हीच्या सुरुवातीच्या भागात लिहिलेला असतो.

हा नकाशा साधा मजकूर असतो बरं का. बायनरी नाही. डीफॉल्ट मांडणीत खरा डेटा १ एमबीच्या पुढे सुरू होतो, आणि त्याआधीच्या जागेत व्हीजीचं नाव, प्रत्येक पीव्हीचा यूयूआयडी, प्रत्येक एलव्हीचे तुकडे कुठून कुठे, हे सगळं वाचता येईल अशा रूपात असतं. जागा गोलाकार वापरली जाते, त्यामुळे पुष्कळदा जुन्या आवृत्त्याही तिथेच पडून असतात. प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असतो. आणि डीफॉल्टने ही प्रत व्हीजीतल्या प्रत्येक पीव्हीवर असते. म्हणजे पाचपैकी एकच डिस्क हातात असली तरी बाकी चार असायला हव्यात हे तिच्यावर लिहिलेलं असतं.

म्हणजे डीडीने त्या पार्टिशनचा पहिला १ एमबी एका फाइलमध्ये उतरवायचा आणि ती फाइल उघडून वाचायची, एवढ्यावर निदानाचा मोठा भाग होतो. यात डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. मी वाचलेल्या रेसिप्यांपैकी ही पायरी जवळपास कोणीच सांगत नाही. पेशंटला न तपासता सलाइन लावल्यासारखं आहे हे.

आता लॅबमधला एक प्रसंग सांगते, कारण यात रेसिपीचे दोन मोठे दोष एकदम दिसतात. आमच्या एका सीनियर ताईचं वर्कस्टेशन खोली बदलताना उचलून नेलं. नव्या खोलीत चालू केलं तर दीड मिनिट वाट बघून ते इमर्जन्सी मोडमध्ये गेलं आणि रूटचा पासवर्ड मागत बसलं. सेंटओएस ७, सगळं डीफॉल्ट. होममध्ये प्रथिनांच्या सिम्युलेशनच्या फाइल्स, बॅकअप अर्धामुर्धा. एका मित्राने रेसिपीप्रमाणे एसएसडी काढून शेजारच्या मशीनला लावली आणि कमांड चालवल्या. दोन इशारे आले. एक, 'सेंटओएस' नावाचे दोन व्हीजी दिसतायत. दोन, अमुक यूयूआयडीचं डिव्हाइस सापडत नाहीये.

पहिला इशारा घेऊ. दोन व्हीजींचं नाव सारखं कसं? कारण नाव कोणी दिलेलंच नव्हतं. इन्स्टॉलर ते स्वतः देतो. सेंटओएस ७ मध्ये होस्टनेम न बदलता पुढे गेलात तर व्हीजीचं नाव 'सेंटओएस'. उबंटू सर्व्हर 'उबंटू-व्हीजी' देतो. जुन्या रेड हॅट कुळात 'व्हॉलग्रुप००' असायचं. डेबियन मात्र मशीनच्या नावावरून व्हीजीचं नाव ठेवतो, आणि या बाबतीत मी डेबियनच्या बाजूने आहे. लॅबमधली सगळी मशीन एकाच पेन ड्राइव्हवरून, एकाच माणसाने, 'नेक्स्ट नेक्स्ट' करत बसवलेली असतात. म्हणजे दुसऱ्या मशीनला डिस्क जोडली की नावांची टक्कर हा अपवाद नाही, तीच नेहमीची स्थिती आहे. रेसिपी मात्र तिला अपवाद समजते आणि शेवटी 'ट्रबलशूटिंग' म्हणून एक ओळ टाकते: व्हीजीरीनेम करा.

ही एक ओळ फार महागात पडू शकते. नाव बदललं की ते डिस्कवरच्या नकाशात बदलतं. पण मूळ मशीनच्या एफएसटॅबमध्ये जुनं नाव असतं. ग्रबच्या कर्नल ओळीत जुनं नाव असतं, रूट कुठे आहे आणि कुठला एलव्ही जागा करायचा, दोन्ही ठिकाणी. डेटा वाचवायला म्हणून नाव बदललं आणि डिस्क परत मूळ मशीनमध्ये बसवली, की एक जुना बिघाड आणि एक नवा बिघाड एकत्र नांदायला लागतात. मग चालू न होण्याचं कारण कुठलं हे शोधत बसा. प्रयोगात एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचं हे आपण बीएस्सीपासून ऐकतो.

खरं तर नाव बदलायची गरजच नसते. एलव्हीएम अशा वेळी त्या नावाला हात लावायला नकार देतं आणि सांगतं की नावाऐवजी व्हीजीचा यूयूआयडी देऊन निवडा. व्हीजीचेंजला सिलेक्ट पर्यायात तो यूयूआयडी देता येतो. त्यातही एक अडचण आहे: आधीच चालू असलेल्या व्हीजीत त्याच नावाचा एलव्ही असेल तर डिव्हाइस-मॅपरमध्ये दोन 'सेंटओएस-होम' राहू शकत नाहीत. म्हणून सगळ्यात साधा उपाय हा की मदतीचं मशीन इन्स्टॉल केलेलं नकोच. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करा, तिथे स्वतःचा व्हीजीच नसतो, टक्कर कशाशी होणार? आणि शक्य असेल तर बिघडलेलं मशीनच पेन ड्राइव्हवरून बूट करा. 'डिस्क काढा' ही रेसिपीची पहिली ओळ मला सगळ्यात कमी पटलेली ओळ आहे.

का, ते दुसऱ्या इशाऱ्यात दिसतं. डिव्हाइस सापडत नाहीये. आमच्या मित्राने त्या ओळीचा शोध घेतला आणि त्याला तयार उत्तर मिळालं: व्हीजीरिड्यूस, सोबत रिमूव्हमिसिंग, आणि तरी ऐकलं नाही तर फोर्स. हे उत्तर ज्याने लिहिलं त्याच्या मनात बहुधा कायमची मेलेली डिस्क होती. त्याने ते वाक्यात लिहिलं नाही. फोर्ससकट या कमांडचा अर्थ असा की हरवलेल्या पीव्हीवर ज्या ज्या एलव्हीचा थोडा जरी भाग होता, तो संपूर्ण एलव्ही नकाशातून काढून टाकायचा. मॅन पेजमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. रेसिपीत नाही.

आम्ही ते चालवलं नाही, आधी पहिला १ एमबी उतरवून वाचला. त्यात दोन पीव्ही होते. होमचे दोन सेगमेंट होते, एक पहिल्या पीव्हीवर, एक दुसऱ्यावर. सेंटओएसच्या इन्स्टॉलरला बसवताना दोन डिस्क टिक केल्या की तो मुकाट्याने दोन्ही मिळून एक व्हीजी करतो. ज्याने बसवलं तो केव्हाच पास होऊन गेलेला, ताईला माहीतच नव्हतं की आत दुसरी डिस्क आहे. कॅबिनेट नीट उघडलं तर खालच्या खाचेत हार्डडिस्क होती आणि तिची साटा केबल हलवाहलवीत अर्धी निसटलेली. केबल बसवली, एसएसडी जागेवर लावली, मशीन चालू झालं.

लक्षात घ्या, दुरुस्त करण्यासारखं डिस्कवर काहीच नव्हतं. पण ती फोर्सची कमांड चालली असती तर होम नकाशातून गेलं असतं. तेही परत आणता येतं, कारण एलव्हीएम प्रत्येक बदलाआधी नकाशाची जुनी प्रत आर्काइव्ह फोल्डरमध्ये ठेवतं आणि व्हीजीसीएफजीरिस्टोअर ती परत लिहितं. फक्त ती प्रत ज्या मशीनवर कमांड चालली तिथे पडते. ते मशीन लाइव्ह पेन ड्राइव्हवर चालत असेल, तर रीस्टार्ट केल्यावर तीही गेली. म्हणून १ एमबीची ती फाइल आणि आर्काइव्ह फोल्डर दोन्ही लगेच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे. चांगल्या रेसिप्या निदान एवढं सांगतात की रीड-ओन्ली माउंट करा. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण रीड-ओन्ली माउंट हा शब्द जे वचन देतो ते पाळत नाही. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस दोन्ही जर्नल ठेवतात: बदल करण्याआधी तो आधी जर्नलमध्ये लिहायचा, म्हणजे मधेच वीज गेली तरी पुढच्या वेळी तो पूर्ण करता येतो. मशीन धाडकन बंद पडलं असेल तर जर्नलमध्ये अर्धवट काम शिल्लक असतं. अशी फाइलसिस्टम तुम्ही रीड-ओन्ली माउंट केली तरी कर्नल आधी जर्नल चालवतो, म्हणजे डिस्कवर लिहितो, आणि मग तुमच्यासाठी ती रीड-ओन्ली ठेवतो. 'रीड-ओन्ली' हे तुमच्यावरचं बंधन आहे, कर्नलवरचं नाही. माउंटच्या मॅन पेजमध्ये याच पर्यायाखाली हा इशारा दिलेला आहे. ईएक्सटी४ साठी रीड-ओन्लीसोबत नोलोड द्यायचं, एक्सएफएससाठी नोरिकव्हरी, आणि त्याखाली ब्लॉकडेव्हने डिव्हाइसच सेटआरओ करायचं.

निरोगी डिस्कवर जर्नल चालणं ही चांगलीच गोष्ट आहे, रोज होते. मग एवढी काळजी कशाला? कारण डिस्क निरोगी आहे का हे तुम्हाला अजून माहीत नाही. सेक्टर मरत असलेल्या डिस्कवर, किंवा अर्धाच व्हीजी जागा केलेला असताना, जर्नल चालवणं म्हणजे फाटलेल्या कागदावर खोडरबर चालवणं. आणि नोलोडची किंमतही सांगायला हवी: जर्नल न चालवता माउंट केलं तर फाइलसिस्टम थोडी विसंगत दिसू शकते, शेवटच्या क्षणी बदललेल्या फाइल्स विचित्र दिसतील. त्यावरून 'डेटा करप्ट झाला' असा निष्कर्ष काढू नका.

यात आणखी एक गोष्ट रेसिपी लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांच्यासमोर ती घडतच नाही. डेस्कटॉप लिनक्सला डिस्क जोडली की तुम्ही कमांड टाइप करायच्या आधीच यूडेव्ह तिच्यावरचा व्हीजी ओळखून जागा करू शकतो, आणि फाइल मॅनेजर एका क्लिकवर, कधी तर क्लिकशिवायही, फाइलसिस्टम लिहिण्यासकट माउंट करतो. म्हणजे 'व्हीजीचेंज करण्यापूर्वी' असं जे आपण म्हणतो तो क्षण कदाचित निघूनही गेलेला असतो. डिस्क जोडण्यापूर्वी ऑटोमाउंट बंद करा, जोडल्याबरोबर एलएसबीएलके बघा. गुन्हे-तपासात यासाठी राइट ब्लॉकर नावाचं यंत्र वापरतात. आपल्या लॅबमध्ये ते असणार नाही.

मग मी काय करते? मूळ डिस्कवर काम करत नाही. आधी स्मार्टसीटीएलने तब्येत बघते, विशेषतः पेंडिंग आणि रीअलोकेटेड सेक्टरचे आकडे. मग जीएनयू डीडीरेस्क्यूने दुसऱ्या मोठ्या डिस्कवर इमेज. साधा डीडी इथे नको, तो चूक आली की डीफॉल्टने थांबतो. डीडीरेस्क्यू आधी सोपे भाग उचलतो, अवघड भागांकडे नंतर वळतो, आणि कुठपर्यंत आलो हे मॅप फाइलमध्ये नोंदवतो. वीज गेली तरी तिथूनच पुढे. इमेज झाली की लॉससेटअपने ती रीड-ओन्ली लूप डिव्हाइस म्हणून जोडायची, पार्टिशन दाखवायला सांगायचं, आणि मग तीच रेसिपी: व्हीजीचेंज, माउंट. आता ती चालवायला माझी काहीच हरकत नाही. इमेज आहे, बिघडली तर दुसरी काढू. लिहिण्याची गरज असेल तर इमेजवर क्यूकाउ२ ची पातळ पारदर्शक फाइल चढवा, सगळे बदल त्यात जातात, खालची इमेज तशीच राहते.

एकच काळजी: मूळ डिस्क आणि तिची प्रत एकाच मशीनला एकाच वेळी जोडू नका. दोन्हींचा पीव्ही यूयूआयडी एकच असतो आणि एलव्हीएम गोंधळतं. जोडायचंच असेल तर व्हीजीइम्पोर्टक्लोन त्यासाठीच आहे, पण तो प्रतीवर चालवायचा. एक्सएफएस वर पुन्हा सारख्या यूयूआयडीवरून माउंट नाकारतं, तिथे नोयूयूआयडी द्यावं लागतं.

'एवढी मोठी डिस्क आणायची कुठून?' हा प्रश्न येणार, दर वेळी येतो. डिस्क मिळेपर्यंत मशीन बंद ठेवा. तीन आठवडे लागले तर तीन आठवडे. गाइडना हे पटवणं कमांड शिकण्यापेक्षा अवघड आहे, पण बंद डिस्कचं आपोआप काही बिघडत नाही, आणि चालू ठेवलेल्या मरणासन्न डिस्कचं बिघडतं.

खऱ्या दुरुस्तीबद्दल थोडकंच. ईएक्सटी४ असेल तर ई२एफएससीके आधी 'एन' पर्यायाने चालवा, तो फक्त सांगतो, बदलत नाही. एक्सएफएसलाही तसाच एन आहे. एक्सएफएस रिपेअर जर्नल शिल्लक असेल तर काम करायला नकार देतो आणि आधी माउंट करून जर्नल चालू द्या म्हणतो. अशा वेळी रेसिप्या लगेच मोठा 'एल' द्यायला सांगतात. मोठा एल म्हणजे जर्नल पुसून टाकणं, त्यातलं अर्धवट काम कायमचं गमावणं. तो शेवटचा उपाय आहे, आणि इमेजच्या प्रतीवरच.

मॅन पेज लिहिणाऱ्यांनाही थोडं बोलायला हवं. वर मी जे इशारे सांगितले ते बहुतेक सगळे मॅन पेजमध्ये आहेत, अचूक आहेत. पण तिथली मांडणी कमांडप्रमाणे आहे, प्रसंगाप्रमाणे नाही. घाबरलेला माणूस 'माझी डिस्क दुसऱ्या मशीनला लावलीय' या प्रसंगातून येतो. त्याला नोलोड माउंटच्या पानात, फोर्सचा अर्थ व्हीजीरिड्यूसच्या पानात, आणि नावाची टक्कर तिसऱ्याच पानात सापडणार. ती पोकळी रेसिप्या भरतात, म्हणून त्या लोकप्रिय आहेत, आणि त्यात त्यांचं श्रेय आहेच.

शेवटची तक्रार तारखेची. रेसिपीवर ती कुठल्या आवृत्तीवर तपासली हे लिहिलेलं नसतं. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, बऱ्याच लॅब अल्मा किंवा रॉकी ९ वर गेल्या आहेत. रेड हॅट ९ च्या या कुळात एलव्हीएम डीफॉल्टने फक्त स्वतःच्या डिव्हाइस यादीतल्या डिस्ककडे बघतं. परकी डिस्क जोडून व्हीजीस्कॅन चालवलं तर काहीच दिसत नाही, आणि रेसिपी हातात धरून बसलेला माणूस समजतो की डिस्क मेली. ती मेलेली नसते. एलएसबीएलके एफ पर्यायासह चालवा. पार्टिशनसमोर 'एलव्हीएम२_मेंबर' दिसलं तर पीव्ही जागेवर आहे. मग पीव्हीएस, व्हीजीएस, एलव्हीएस या बघणाऱ्या कमांडना डिव्हाइसेस पर्यायात फक्त तेवढंच पार्टिशन द्या. यादीत कायमची भर न घालता तेवढीच डिस्क वाचता येते, आणि नावाची टक्करही वाचण्यापुरती टळते. व्हीजीत दोन पीव्ही असतील तर दोन्ही पार्टिशनं स्वल्पविराम देऊन लिहायची.